स्पॅनिशमधल्या रोजच्या शब्दांचं लॅटिन मूळ: लेचे, नोचे, ओचो आणि तो मुका एच

अर्धविराम

नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकतेय, बी१ (मधली) लेव्हल चालू आहे. पहिल्या दिवसापासून ऐकतेय की स्पॅनिश लॅटिनमधून आली, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या तिच्या बहिणी वगैरे. ठीक आहे, पण आली म्हणजे नेमकं काय झालं हे कुणी नीट सांगत नाही, पुस्तकात एका चौकटीत दोन ओळी देऊन विषय मिटवलेला असतो.

आता झालंय असं की शब्द पाठ करता करता काही गोष्टी सारख्या सारख्या दिसायला लागल्यात आणि त्या डोक्यातून जातच नाहीयेत. दूध लेचे, रात्र नोचे, आठ ओचो. तिन्हीत च. पण दुधापासून बनलेलं म्हणायचं तर लाक्तेओ, रात्रीचं म्हणायचं तर नोक्तुर्नो, आठवा म्हणायचं तर ओक्तावो, म्हणजे तिन्हीकडे च गेला आणि क्त आला. हा योगायोग नसणार ना?

दुसरं म्हणजे तो न बोलायचा एच. मुलगा इखो, करणे आसेर, माणूस ओम्ब्रे, सगळ्यांच्या सुरुवातीला लिहायला एच आहे आणि बोलायला काहीच नाही. बरं, असू दे. पण अंडं म्हणजे उएवो, त्याला एच आहे आणि अंडाकृती म्हणजे ओवाल, त्याला नाही. हाड उएसो, एच आहे, हाडांसंबंधीचं ओसेओ, एच नाही. आणि कहर म्हणजे वास येणे या क्रियापदाला, ओलेर, एच नाही पण 'वास येतो' म्हणताना उएले होतं आणि तिथे एकदम एच उगवतो!

तिसरं, पोदेर (शकणे) हे क्रियापद पुएदो, पुएदेस असं चालवायचं पण 'आम्ही' आलं की परत पोदेमोस. नियम पाठ आहे, कारण माहीत नाही.

या सगळ्यामागे लॅटिनमधलं काही लॉजिक आहे का? आणि लॅटिन न शिकता ते समजून घेता येईल का? (उच्चार लॅटिन अमेरिकन पद्धतीने लिहिलेत, साधारण कानाला येतात तसे.)

जुनी_पोथी

योगायोग अजिबात नाही. तुम्ही जे पकडलंय ते स्पॅनिशच्या इतिहासातल्या सगळ्यात नियमित बदलांपैकी एक आहे.

लॅटिनमध्ये दूध लाक्तेम, रात्र नोक्तेम, आठ ओक्तो. बोलता बोलता क्त मधला क ढिला पडत गेला आणि त्याचा इ झाला. पोर्तुगीज तिथेच थांबली, त्यांच्याकडे आजही लेइते, नोइते, ओइतो आहे. कास्तीयाच्या, म्हणजे स्पेनमधल्या ज्या प्रदेशाची बोली पुढे स्पॅनिश झाली तिथल्या लोकांनी एक पायरी पुढे जाऊन त्या इत चा च करून टाकला. इटालियनने वेगळंच केलं, क ला त मध्ये मिसळून लात्ते, नोत्ते, ओत्तो. महत्त्वाचं हे की ज्या प्रदेशाने जी वाट धरली तिथल्या जवळजवळ सगळ्या शब्दांनी तीच धरली. म्हणून फाक्तुम (केलेलं) चं एचो, तेक्तुम (छत) चं तेचो, पेक्तुस (छाती) चं पेचो, स्त्रिक्तुस (आवळलेलं) चं एस्त्रेचो म्हणजे अरुंद. मला सगळ्यात आवडतो तो लाक्तुका → लेचुगा, ती सॅलडची पानं. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो म्हणून रोमन लोकांनी त्या भाजीला दुधावरून नाव दिलं, आणि दूध जसं लाक्तेमचं लेचे झालं तशी ती भाजीही लाक्तुकाची लेचुगा झाली. दोघांचं नातं दोन हजार वर्षांनी अजून दिसतंय.

मग लाक्तेओ, नोक्तुर्नो कुठून आले? तर हे आपल्या तद्भव-तत्समसारखंच आहे. दुग्धचं झिजून दूध झालं, पण 'दुग्धजन्य' म्हणताना आपण परत संस्कृतात जातो. लेचे पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी झिजत आला, लाक्तेओ मात्र विद्वान मंडळींनी नंतर लॅटिन ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला, त्याला झिजायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे स्पॅनिशमध्ये एकाच लॅटिन शब्दाच्या दोन-दोन आवृत्त्या सुखाने नांदतात. दिरेक्तुस पासून देरेचो (सरळ, उजवा, शिवाय हक्क) आणि दिरेक्तो. देलिकातुस पासून देलगादो (बारीक, सडपातळ) आणि देलिकादो (नाजूक). मातेरिया म्हणजे लॅटिनमध्ये बांधकामाचं लाकूड, त्यापासून मादेरा (लाकूड) आणि मातेरिया (पदार्थ, विषय). आणि काथेद्रा म्हणजे पाठ असलेली खुर्ची, त्यापासून कातेद्रा हे प्राध्यापकाचं पद आणि तोंडातोंडी झिजून कादेरा, म्हणजे चक्क कंबरेखालचा भाग, ज्यावर आपण बसतो तो!

तसाच दुसरा नियम, सुरुवातीला प्ल, क्ल, फ्ल असेल तर स्पॅनिशमध्ये डबल एल, ज्याचा उच्चार य. प्लोरारे → योरार (रडणे), प्लुविआ → युविया (पाऊस), क्लावेम → यावे (किल्ली), क्लामारे → यामार (हाक मारणे), फ्लाम्मा → यामा (ज्योत). पोर्तुगीजने याच जागी च/श चा आवाज केला, क्लावेमचं त्यांच्याकडे चावे झालं, जे आज शावे म्हणतात. आपण मराठीत जी चावी म्हणतो ती हीच, पोर्तुगीजांकडून आलेली, म्हणजे स्पॅनिश यावे आणि आपली चावी सख्ख्या.

आता तुमचं पुएदो-पोदेमोस. लॅटिनमधला र्‍हस्व ओ, त्याच्यावर आघात असेल तर स्पॅनिशमध्ये तो फुटून उए होतो, आघात नसेल तर ओ च राहतो. र्‍हस्व ए चं तसंच इए होतं. बोनुस → बुएनो पण बोन्दाद (चांगुलपणा), पोर्ता → पुएर्ता पण पोर्तेरो (दारवान), तेर्रा → तिएर्रा पण तेर्रेनो, सेप्तेम → सिएते पण सेतेन्ता. आता पुएदो मोठ्याने म्हणून बघा, जोर पहिल्या भागावर पडतो. पोदेमोस म्हणताना जोर दे वर सरकतो, मग ओ फुटायचं कारणच उरत नाही. म्हणजे ज्याला अनियमित क्रियापद म्हणून पाठ करायला लावतात ते खरं तर अगदी नियमित आहे. दीर्घ ओ मात्र फुटत नाही, म्हणून सोल (सूर्य), फ्लोर (फूल), ओरा (तास) तसेच राहिले.

कुणी विचारेल की मग नोक्तेमचं नुएचे का नाही झालं, तिथेही र्‍हस्व ओ आणि आघात आहे. कारण तो वर सांगितलेला इ, जो क पासून तयार झाला, त्याने ओ ला फुटू दिलं नाही. शेजारच्या आस्तुरियात हे बंधन नव्हतं, तिथल्या बोलीत खरंच नुएचे म्हणतात.

उच्चारवेडा

जुनी_पोथी यांनी एच माझ्यासाठी सोडला असं धरून लिहितो, कारण या विषयावर मी कितीही बोलू शकतो.

स्पॅनिशमधला मुका एच हा एक एच नाहीये, तीन वेगवेगळे आहेत, तिघांची घरं वेगळी, दिसायला सारखे म्हणून गोंधळ.

पहिला, जिथे आधी एफ होता. फिलिउस → इखो, फाकेरे → आसेर, फाबुलारी (गप्पा मारणे) → आब्लार, फारिना → आरिना (पीठ), फूमुस → ऊमो (धूर), फोर्मिका → ओर्मिगा (मुंगी), फुर्नुस → ओर्नो (भट्टी), फेर्रुम → इएर्रो (लोखंड). कास्तीयामध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या फ चा आधी ह झाला, खराखुरा, ऐकू येणारा ह. लिहिताना लोक कितीतरी काळ एफच लिहीत राहिले. आंतोनियो दे नेब्रिखाने १४९२ मध्ये कास्तीयाच्या भाषेचं व्याकरण लिहिलं तेव्हाही हा ह बोलला जात होता. पुढच्या शतकात उत्तरेकडून तो गळत गेला आणि लिखाणात फक्त त्याची खूण उरली. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या काही भागांत म्हातारी माणसं अजून तो ह उच्चारतात. पोर्तुगीजमध्ये हा बदल झालाच नाही, त्यांचं अजून फिल्यो, फाझेर, फालार, फारिन्या आहे, त्यामुळे एखाद्या एचखाली एफ आहे का हे बघायचं असेल तर पोर्तुगीज शब्द शोधायचा, लगेच कळतं.

सगळे एफ गेले नाहीत हे पण लक्षात ठेवा. उए च्या आधीचा एफ टिकला, फुएगो, फुएर्ते, फुएन्ते. र किंवा ल ला चिकटलेला बहुतेक टिकला, फ्रिओ, फ्रुता, फ्लोर. आणि फे (श्रद्धा) सारखे शब्द चर्चमध्ये रोज लॅटिनमधून कानावर पडत असल्यामुळे टिकले असं मानतात.

दुसरा एच, जो लॅटिनमध्येच होता. होमिनेम → ओम्ब्रे, होरा → ओरा, हाबेरे → आबेर, होदिए → ओइ (आज). गंमत म्हणजे हा ह रोमन लोकच बोलताना खात होते, म्हणजे तो स्पॅनिशपर्यंत बोलीतून पोचलाच नाही. जुन्या लिखाणात ओमे, आवेर असे एच नसलेले शब्द भरपूर सापडतात. नंतर विद्वानांनी लॅटिन बघून बघून तो परत चिकटवला. काही ठिकाणी चिकटवायचा राहून गेला. हिवाळा इन्विएर्नो हा हिबेर्नुम पासून आला, एच नाही. आणि खुद्द एस्पान्या हा शब्द हिस्पानिया पासून आला, त्यालाही नाही.

तिसरा तुमचा अंड्याचा एच, आणि त्याचा लॅटिनशी काडीचा संबंध नाही. लॅटिनमध्ये अंडं ओवुम, हाड ओस्सुम. ओ फुटून उए झाला, इथपर्यंत वर आलंच आहे. आता अडचण अशी की त्या काळी यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरं नव्हती, एकाच अक्षराचे दोन आकार होते. त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला यू-ई लिहिलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की उए वाचू की वे वाचू. म्हणून आधी एक एच टाकायचा, म्हणजे पुढचा यू हा स्वर आहे हे समजतं. निव्वळ वाचकाच्या सोयीसाठी केलेली खूण. म्हणून जिथे उए तिथेच तो एच: उएवो, उएसो, उएर्फानो (अनाथ). जिथे ओ तसाच राहिला तिथे नाही: ओवाल, ओसेओ, ओर्फानातो (अनाथाश्रम). आणि ओलेर-उएले चं उत्तर पण हेच. फ्रेंचांनीही हीच युक्ती वापरली. त्यांचा आठ, वित, ओक्तो पासून आला आणि तेल, विल, ओलेउम पासून, दोन्ही लॅटिन शब्दांत एच नाही पण फ्रेंच स्पेलिंगमध्ये आहे.

सरळसोट

वाचायला मस्तच आहे सगळं, पण खरं सांगू का, बी१ च्या मुलीला हे आत्ता सांगून उपयोग काय? परीक्षेत कुणी लाक्तेम विचारत नाही. आधी दोन-तीन हजार शब्द तोंडात बसू देत, बोलायला लागू दे, इतिहास नंतर आहेच. आणि हे नियम अर्धवट लक्षात ठेवून जिथे तिथे लावायला गेलं की भलतंच होतं, प्रत्येक च खाली क्त दिसायला लागतो. चोकोलाते मेक्सिकोतल्या नाउआत्ल भाषेतून आलाय आणि कोचे (गाडी) हंगेरियनमधून, त्यात कुठला क्त शोधणार?

जुनी_पोथी

चोकोलातेचा मुद्दा बरोबर आहे, नियम फक्त लॅटिनमधून तोंडातोंडी आलेल्या शब्दांना लागतात. पण उपयोग नाही हे मला पटत नाही. अर्धविराम यांनी प्रश्नच हा विचारलाय की जे पाठ केलंय त्याचं कारण काय, म्हणजे शब्द त्यांच्याकडे आहेत, धागा हवाय. आणि धाग्याचा उपयोग होतो. समजा नोम्ब्रे, ओम्ब्रे, आम्ब्रे (भूक), एम्ब्रा (मादी), सेम्ब्रार (पेरणे) असे पाच सुटे शब्द आहेत. होमिनेम मधला मधला इ गळला, म आणि न एकमेकांना भिडले, ते बोलायला अवघड म्हणून न चा र झाला आणि मध्ये ब शिरला, होम्ने, ओम्ब्रे. नोमिने चं नोम्ब्रे तसंच, फेमिना चं एम्ब्रा तसंच, सेमिनारे चं सेम्ब्रार तसंच. आता नोमिनार, फेमेनिनो, सेमिनाल असे अवघड वाटणारे शब्द समोर आले की ते अनोळखी राहत नाहीत. वरच्या लेव्हलला गेलं की पेपरातली भाषा, कायद्याची भाषा, डॉक्टरांची भाषा सगळी अशा पुस्तकी शब्दांनी भरलेली असते, तिथे हे हजार वेळा कामाला येतं.

रानवाट

उच्चारवेडा, एफचा ह कशामुळे झाला हे तुम्ही लिहिलं नाहीत. उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांमुळे झाला असं मी वाचलं होतं, त्यांच्या भाषेत फ नव्हता आणि कास्तीया त्यांच्या शेजारीच.

उच्चारवेडा

हो, स्पॅनिश भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेंदेस पिदाल यांनी ते मत जोरात मांडलं होतं आणि डोंगरापलीकडच्या, फ्रान्समधल्या गास्कोनीतही, जिथे बास्कचा शेजार आहे, तिथेही फ चा ह झालाय हा त्या बाजूचा भक्कम पुरावा. विरोधातले लोक म्हणतात की फ चा ह इटलीच्या काही बोलींतही झालाय, तिथे बास्क कुठून आले. माझं मत शेजारामुळे हातभार लागला या बाजूचं आहे, पण वाद मिटलेला नाही.

कोशवाचक

सगळे आवाजांबद्दल लिहितायत, मी अर्थांबद्दल लिहिते, कारण मला तर तिथेच जास्त मजा येते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. स्पॅनिश सिसेरोसारख्या रोमन वक्त्याच्या भाषणांमधून आलेली नाही. रोमन सैन्य इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजशी लढायला इबेरियन द्वीपकल्पावर उतरलं, तिथून इ.स.पू. १९ मध्ये ऑगस्टसने उत्तरेचा कान्ताब्रिया जिंकेपर्यंत दोनशे वर्षं गेली, आणि या काळात जी लॅटिन तिथे रुजली ती शिपायांची, व्यापाऱ्यांची, वसाहतीत जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांची. बोलीभाषा. त्यामुळे पुस्तकी लॅटिनमधले भारदस्त शब्द बरेचदा गायब होतात आणि त्यांच्या जागी साधे, रांगडे शब्द येतात.

घोडा पुस्तकी लॅटिनमध्ये एक्वुस, पण स्पॅनिश काबायो आला काबाल्लुस वरून, म्हणजे ओझ्याचं तट्टू. (घोडीच्या बाबतीत मात्र जुना शब्द टिकला, एक्वा → येग्वा.) घर पुस्तकी लॅटिनमध्ये दोमुस, पण कासा म्हणजे मुळात झोपडी. आग इग्निस, पण फुएगो आला फोकुस म्हणजे चुलीवरून. तोंड ओस, पण बोका आला बुक्का म्हणजे फुगलेल्या गालावरून. पाय म्हणजे पिएर्ना, हा लॅटिन पेर्ना वरून, ज्याचा अर्थ डुकराची तंगडी. रोस्त्रो म्हणजे चेहरा, मुळात रोस्त्रुम म्हणजे पक्ष्याची चोच.

आणि यकृत, इगादो! लॅटिनमध्ये यकृताला येकुर म्हणत. रोमन लोक हंसांना अंजीर खाऊ घालून त्यांचं यकृत मोठं करायचे आणि त्या पदार्थाला म्हणायचे येकुर फिकातुम, अंजिरांवर पोसलेलं यकृत. हळूहळू येकुर म्हणायचाच बंद झाला, नुसतं फिकातुम उरलं, म्हणजे शब्दशः 'अंजिरी'. त्याचं इटालियनमध्ये फेगातो, फ्रेंचमध्ये फुआ, स्पॅनिशमध्ये एफ जाऊन इगादो. आज डॉक्टर पेशंटला इगादो सुजलंय म्हणतो तेव्हा तो अंजिराचं नाव घेत असतो. सफरचंद मान्सानाचं तसंच, माला मात्तियाना म्हणजे मात्तियाना जातीची सफरचंदं, हे नाव ज्युलियस सीझरचा मित्र गायस मातिउस याच्यावरून पडलं असं मानतात, फळाचं नाव गेलं आणि माणसाचं राहिलं.

काम करणे, त्राबाखार, हे बोलीतल्या त्रिपालियारे वरून, म्हणजे त्रिपालियुम या तीन खांबांच्या यंत्राला बांधून छळणे. जुन्या स्पॅनिशमध्ये त्राबाखो म्हणजे कष्ट, हाल असाच अर्थ होता. आणि केरेर, ज्याने 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणतात, तो क्वायरेरे पासून, मूळ अर्थ शोधणे. शोधतो, मग हवंसं वाटतं, मग प्रेम करतो, असा अर्थ सरकत गेला.

हिस्पानियात लॅटिन गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बऱ्याच आधी पोचली, शिवाय ती साम्राज्याच्या एका टोकाला होती, त्यामुळे मध्यभागी नवी फॅशन आली तरी टोकाला जुनं चालूच राहायचं. 'जास्त' साठी फ्रेंच आणि इटालियनने प्लुस घेतला, स्पॅनिशने जुना मागिस ठेवला, तोच आजचा मास. आणि कुणी अजून तोच ठेवला? थेट दुसऱ्या टोकाच्या रोमेनियनने, माई. सुंदरसाठीही तसंच, मध्ये इटालियन बेल्लो आणि फ्रेंच बो, टोकांना फोर्मोसुस वरून स्पॅनिश एर्मोसो आणि रोमेनियन फ्रुमोस. नकाशा उघडून हे बघितलं की मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटतं.

तुमच्यासाठी एक सूचना, रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात बहुतेक शब्दांच्या सुरुवातीलाच लॅटिन मूळ दिलेलं असतं. नवा शब्द शोधताना ती एक ओळ वाचायची सवय लावून घ्या, वेगळं लॅटिन शिकायची गरज नाही.

अर्धविराम

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. उएवोच्या एचचं कारण कळल्यावर मी सगळ्या नोट्स काढून एच वाले शब्द तीन रंगांत रंगवले, आणि खरंच प्रत्येक शब्द कुठे ना कुठे बसतोय, फक्त आस्ता (पर्यंत) कुठेच बसत नाहीये. पेर्रो (कुत्रा) आणि इस्किएर्दा (डावी बाजू) यांचं लॅटिन काय? आणि जाता जाता, आग्वा स्त्रीलिंगी आहे तर मग एल आग्वा का म्हणायचं, ला आग्वा का नाही?

कोशवाचक

आस्ता बसणार नाही, तो अरबी हत्ता वरून आलाय. ७११ नंतर अरबी बोलणारे लोक द्वीपकल्पात आले आणि शतकानुशतकं राहिले, रोजच्या वापरातले किती शब्द त्यांचे आहेत. तेल बघा, ऑलिव्हचं झाड ओलिवो लॅटिन, पण त्याचं तेल आसेइते अरबी, आणि चित्रकाराचं तैलरंगाचं काम ओलेओ परत लॅटिन.

इस्किएर्दा बास्क एस्केर च्या कुळातला. लॅटिन सिनिस्त्रा पासून सिनिएस्त्रा होता, पण डावी बाजू अशुभ मानायचे त्यामुळे त्या शब्दाला अपशकुनाचा वास लागला आणि लोकांनी शेजाऱ्यांचा शब्द घेतला. युद्ध, गेर्रा, जर्मानिक आहे. पेर्रोचं मूळ कुणालाच खात्रीने सांगता आलेलं नाही, लॅटिन कानिस वरून आलेला कान होता पण पेर्रोने त्याला बाजूला सारलं.

आणि एक विनंती, नेटवर सालारियो म्हणजे पगार, कारण रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा, असं ठासून लिहिलेलं दिसेल. सालारियुम चं नातं मिठाशी आहे हे खरं, पण शिपायांच्या हातात मीठ ठेवायचे असं त्या काळच्या कुठल्याही लिखाणात नाही. अशा गोड गोष्टी दिसल्या की आधी शब्दकोश उघडा.

जुनी_पोथी

एल आग्वाचं मी सांगतो. हे एल पुल्लिंगी नाहीचे. लॅटिनमध्ये 'ती' साठी इल्ला होतं, त्याचं आधी एला झालं. पुढे व्यंजन असेल तर सुरुवातीचा ए गळून ला राहिलं, ला कासा. पुढे स्वर असेल तर शेवटचा आ पुढच्या स्वरात विरून गेला आणि एल उरलं, एल आग्वा. दिसायला ते पुल्लिंगी एल सारखं झालं, पण जन्माने स्त्रीलिंगीच. पूर्वी कुठल्याही स्वरापुढे असं व्हायचं, एल एस्पादा (तलवार) सुद्धा म्हणायचे, आता फक्त आघात असलेल्या आ पुढे राहिलंय, एल आगिला (गरुड), एल आम्ब्रे. विशेषण लावलं की खरं लिंग बाहेर येतं, एल आग्वा फ्रिआ, आणि अनेकवचनात लास आग्वास.

व्याकरणातही असंच लॅटिन लपलेलं आहे. लेन्तामेन्ते मधलं मेन्ते हे मेन्स म्हणजे मन, 'संथ मनाने'. मेन्स स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण कायम स्त्रीलिंगी घ्यावं लागतं, लेन्ता. मुळात तो सुटा शब्द असल्यामुळे दोन क्रियाविशेषणं जोडून आली तर तो एकदाच, शेवटी लावतात. भविष्यकाळ पण तसाच, कान्तारे हाबेओ म्हणजे 'मला गायचं आहे', त्याचं कान्तारे, कान्तारास, कान्तारा. शेवटचे तुकडे म्हणजे आबेर चं ए, आस, आ, हे लक्षात आलं की भविष्यकाळ वेगळा पाठ करावा लागत नाही. आणि सेर-एस्तार ही 'असणे'ची दोन क्रियापदं ज्यांना छळतात त्यांनी हे बघा, एस्तार हा स्तारे म्हणजे उभं असणे यावरून आला, म्हणून कुठे आहे, कशा अवस्थेत आहे हे त्याने सांगायचं. सेर मध्ये दोन क्रियापदं मिसळलीत, सोइ, एस, एरा ही एस्से म्हणजे असणे याची रूपं, आणि सेर, सेआ, सिएन्दो ही सेदेरे म्हणजे बसणे याची. म्हणून ते क्रियापद इतकं वेडंवाकडं चालतं.

उच्चारवेडा

यात कोन्मिगो राहिलं! 'माझ्यासोबत' ला लॅटिनमध्ये मेकुम, मे म्हणजे मी आणि कुम म्हणजे सोबत, उलट क्रमाने जोडलेलं. मेकुमचं झिजून मिगो झालं, त्यातला गो म्हणजेच सोबत हे लोक विसरून गेले, मग 'सोबत' कुठेय म्हणून पुढे अजून एक कोन लावला. कोन्तिगोचंही तेच.

वारांमध्येही बघा. मार्तेस (मार्तिस), खुएवेस (योविस), विएर्नेस (वेनेरिस) यांच्या शेवटी स आहे कारण लॅटिनमध्ये मंगळाचा, गुरूचा, शुक्राचा म्हणताना तो होताच. पण चंद्राचा म्हणताना लुनाय आणि बुधाचा म्हणताना मेर्कुरिइ, त्यात स नाही. तरी स्पॅनिशमध्ये लुनेस आणि मिएर्कोलेस, शेजारच्या वारांचं बघून त्यांनीही स लावून घेतला.